बहुमत नसताना साडेतीन महिने: १९३७ चं कूपर मंत्रिमंडळ आणि त्यामागचं गणित

मुंबई प्रांताचे पहिले मुख्यमंत्री कोण, असं विचारलं तर बहुतेक जण बाळासाहेब खेरांचं नाव घेतात. ते सर्वस्वी बरोबर नाही. खेरांच्या आधी, १ एप्रिल १९३७ रोजी, सातारचे सर धनजीशा कूपर या पदावर बसले होते. १९ जुलै १९३७ ला खेर आले आणि कूपर गेले. मधल्या साडेतीन महिन्यांत कूपर यांना विधानसभेचं तोंड मुख्यमंत्री म्हणून एकदाही पाहावं लागलं नाही, आणि ते पाहावं लागलं असतं तर त्याच दिवशी त्यांचं सरकार पडलं असतं.

विधानसभेत आपल्या बाजूला पुरेसे आमदार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असताना एखादं सरकार शपथ घेतं, फायलींवर सह्या करतं, निर्णय घेतं. हे कायद्यात बसतं कसं? आणि बसत असेल तर निवडणूक घ्यायचीच कशाला? हे प्रश्न तेव्हा पेपरांत रोज चघळले जात होते, आणि त्यांची उत्तरं आजही उपयोगी पडतात.

आधी आकडे पाहू. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली प्रांतांच्या निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला झाल्या. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर होता, त्यामुळे सगळ्या देशात मिळून मतदार जेमतेम तीन कोटींच्या आसपास. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. सिंध एक वर्ष आधीच वेगळा झाला होता, तेव्हा हा प्रांत म्हणजे मराठी, गुजराती आणि कानडी जिल्ह्यांची मोट. काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. निम्म्याचा आकडा ८८. म्हणजे काटेकोर हिशेब मांडला तर काँग्रेसकडेही बहुमत नव्हतं! उरलेल्या जागा मुस्लिम लीग, डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, ब्राह्मणेतर पक्ष, लोकशाही स्वराज्य पक्ष, युरोपियन आणि व्यापारी प्रतिनिधी, आणि बरेचसे अपक्ष यांच्यात विखुरलेल्या.

तरीही ८६ वाल्या काँग्रेसला कोणी अल्पमतातला पक्ष म्हटलं नाही, कारण दोन-चार सहानुभूतीचे अपक्ष आले की काम भागत होतं आणि तिच्याविरुद्ध बाकी सगळे एक होणं शक्य नव्हतं. सरकार टिकवायला निवडणुकीच्या रात्री निम्म्याहून जास्त जागा हाताशी असाव्याच लागतात असं नाही. सभागृहात मतदान होईल त्या दिवशी आपल्याविरुद्ध जास्त हात वर होऊ नयेत, एवढं पुरतं. काँग्रेसविरुद्ध तसे हात वर झाले नसते. कूपर यांच्याविरुद्ध ते पहिल्याच दिवशी झाले असते, कारण समोर ८६ जणांचा एकसंध गट आणि पाठीशी मात्र ठाम असे मोजकेच सदस्य.

मग काँग्रेसनेच सरकार का बनवलं नाही? इथे १९३५ चा कायदा थोडा उघडून बघावा लागतो.

त्याआधी प्रांतांत ‘द्विदल राज्यपद्धती’ होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती भारतीय मंत्र्यांकडे; पोलीस, तुरुंग, महसूल, तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. नव्या कायद्याने ही वाटणी रद्द केली आणि प्रांताची सगळी खाती मंत्र्यांच्या हाती दिली. कागदावर ही मोठी पायरी होती. पण त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात गव्हर्नरच्या ‘खास जबाबदाऱ्या’ होत्या: शांततेला गंभीर धोका टाळणं, अल्पसंख्याकांच्या न्याय्य हितांचं रक्षण, सरकारी नोकरांचे हक्क, ब्रिटिश व्यापाराशी भेदभाव होऊ न देणं, संस्थानांचे हक्क, वगैरे. या बाबतीत तो मंत्र्यांचा सल्ला ऐकून घेऊन शेवटी स्वतःच्या मताप्रमाणे वागू शकत होता. शिवाय वटहुकूम त्याच्या हाती, विधेयक अडवणं त्याच्या हाती, आणि सगळंच कोलमडलं तर ९३ व्या कलमाखाली अख्खा कारभार त्याच्या हाती.

काँग्रेसमध्ये यावर दोन मतं होती. जवाहरलाल नेहरूंसारख्यांना ही मंत्रिपदं म्हणजे सापळा वाटत होती. राजाजींसारख्यांना ती हातात घेण्यासारखी वाटत होती. मार्च १९३७ मध्ये दिल्लीत महासमितीने मधला मार्ग काढला. पदं स्वीकारू, पण एका अटीवर: मंत्री घटनेच्या चौकटीत काम करत असतील तोवर गव्हर्नर आपले हस्तक्षेपाचे अधिकार वापरणार नाही किंवा मंत्र्यांचा सल्ला डावलणार नाही, हे प्रत्येक प्रांतात काँग्रेसच्या नेत्याला जाहीरपणे सांगता आलं पाहिजे. यामागे गांधीजी होते, आणि वकिली डोक्याने विचार केला तर मागणी हुशार होती. कायदा बदला असं त्यांनी म्हटलं नाही. कायदा वापरणाऱ्याचा शब्द मागितला.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी रीतीप्रमाणे काँग्रेस विधिमंडळ पक्षाचे नेते खेर यांना बोलावलं. खेरांनी आश्वासन मागितलं. ब्रेबोर्न म्हणाले, कायद्यानेच माझ्यावर टाकलेली जबाबदारी मी शब्द देऊन झटकू शकत नाही. खेरांनी नकार दिला. मद्रासमध्ये राजाजींच्या बाबतीतही तेच झालं, आणि काँग्रेस वरचढ ठरलेल्या सहाही प्रांतांत तेच.

खेर नेते कसे झाले, याचीही एक वेगळी कथा आहे. मुंबईत काँग्रेसचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वीर नरिमान यायचे, आणि नेतेपद त्यांनाच मिळणार असं मानलं जात होतं. ते खेरांकडे गेलं. नरिमान यांनी सरदार पटेलांवर बोट ठेवलं, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं, आणि चौकशीचा निकाल नरिमान यांच्या विरोधात लागला. काँग्रेसने एका पारशी नेत्याला बाजूला ठेवल्यावर काही दिवसांतच गव्हर्नरने दुसऱ्या पारशी नेत्याला मुख्यमंत्री केलं, हा योगायोग तेव्हाच्या मुंबईकरांच्या नजरेतून सुटला असेल असं वाटत नाही.

आता कूपर कोण, हे थोडक्यात. सातारचे उद्योजक. लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं बनवणारा त्यांचा कारखाना सातारा परिसराच्या औद्योगिक इतिहासातलं मोठं नाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटीलही सुरुवातीच्या काळात त्या कामात होते. कूपर स्थानिक राजकारणातून वर आलेले, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी, द्विदल काळात मंत्री आणि नंतर गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. कारभाराचा अनुभव भरपूर, सरकारशी संबंध चांगले, मागे लोकांची लाट मात्र नाही. गव्हर्नरला त्या क्षणी असाच माणूस हवा होता. त्यांना नुसतं ‘सरकारचं बाहुलं’ म्हणून निकालात काढणं मला पटत नाही, पण आपण कोणाच्या मर्जीवर खुर्चीत बसलो आहोत हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही.

मंत्रिमंडळात चौघे होते. कूपर; हुबळीकडचे सर सिद्दप्पा कांबळी, हेही द्विदल काळातले जुने मंत्री; हुसेनअली रहिमतुल्ला; आणि जमनादास मेहता. या चौघांत चकित करणारं नाव मेहतांचं. ते टिळकांच्या परंपरेतले, रेल्वे कामगारांचे पुढारी, काँग्रेसमधून बाहेर पडून न. चिं. केळकरांच्या लोकशाही स्वराज्य पक्षात आलेले. मिळतील ती सत्तास्थानं घ्यावीत आणि आतून वापरावीत, हा या पक्षाचा जुना पवित्रा. काँग्रेसने नाकारलेली जागा त्यांनी घेतली यात त्यांच्या दृष्टीने विसंगती काही नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संख्याबळ नसताना हे सरकार चाललं कसं?

सरकारची कामं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काहींना सभागृहाची संमती लागते: नवा कायदा, नवा कर, अर्थसंकल्पातल्या मागण्या. बाकीच्यांना लागत नाही: बदल्या, नेमणुका, परवाने, बंदी घालणं आणि उठवणं, कैद्यांची सुटका, चौकशा, आधीच मंजूर असलेल्या कायद्यांची अंमलबजावणी. रोजचा बहुतेक कारभार या दुसऱ्या प्रकारात मोडतो. सभागृह भरलंच नाही तर पहिल्या प्रकारची कामं तुंबतात, दुसऱ्या प्रकारची सुरू राहतात. म्हणून अल्पमतातल्या सरकारचा जीव एकाच गोष्टीत असतो: अधिवेशन कधी बोलवायचं?

१९३५ च्या कायद्याने ही तारीख ढिली ठेवली होती. नवी व्यवस्था सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिलं अधिवेशन बोलवा, एवढंच बंधन. १ एप्रिलपासून मोजलं तर सप्टेंबर अखेर. आर्थिक वर्षही १ एप्रिललाच सुरू होत होतं, पण संक्रमणकाळासाठी केलेल्या खास आदेशाने सुरुवातीच्या काही महिन्यांच्या खर्चाला गव्हर्नरची मंजुरी पुरेशी ठरत होती. त्यामुळे पगार थांबले नाहीत, दिवाणी-फौजदारी कचेऱ्या थांबल्या नाहीत. विरोधक एकीकडे ‘अधिवेशन बोलवा’ म्हणत राहिले आणि दुसरीकडे कायदा सांगत राहिला की अजून मुदत आहे.

या पोकळीत सरकार किती मोठा निर्णय घेऊ शकतं, याचं उदाहरण मे महिन्यात दिसलं. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारणात पडायचं नाही, अशा अटी. मुदत सुरुवातीला पाच वर्षांची, पण ती पुनःपुन्हा वाढवत नेलेली. १० मे १९३७ रोजी कूपर मंत्रिमंडळाच्या काळात त्यांची या अटींतून सुटका झाली, आणि त्यामागे जमनादास मेहतांचा आग्रह होता. तेरा वर्षांची स्थानबद्धता संपवायला विधानसभेचं एकही मत लागलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सावरकर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. या घटनेबद्दल कोणाचं मत काहीही असो, ज्या सरकारला ‘नावापुरतं’ म्हणून सोडून दिलं जातं, त्याच्या एका आदेशाने देशाच्या राजकारणाची एक बाजू बदलली, हे नाकारता येत नाही. तात्पुरतं सरकार निरुपद्रवी असतं, या समजुतीला त्यामुळे मोठीच भेग पडते.

हे सगळं वैध होतं का? इथे तज्ज्ञांत फूट पडली होती. कायद्याचं ५१ वं कलम म्हणत होतं की मंत्र्यांची निवड गव्हर्नर करील आणि त्याची मर्जी असेतोवर ते पदावर राहतील. त्यात बहुमताचा उल्लेखच नव्हता. नुसतं हे कलम वाचलं तर कूपर यांची नेमणूक शंभर टक्के कायदेशीर. पण गव्हर्नरना सम्राटाकडून एक सूचनापत्र मिळत असे, आणि त्यात लिहिलं होतं की ज्याच्याकडे स्थिर बहुमत असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्याशी सल्लामसलत करून, विधिमंडळाचा विश्वास मिळवू शकतील असे मंत्री नेमावेत. एडिनबरोचे घटनातज्ज्ञ बेरिडेल कीथ यांनी याच मुद्द्यावर अल्पमतातल्या मंत्रिमंडळांवर टीका केली. उलट नामवंत कायदेपंडित सर तेजबहादूर सप्रूंचं म्हणणं की काँग्रेस मागते तसं आश्वासन देण्याची गव्हर्नरला मुभाच नाही. तो कायद्याने बांधलेला आहे. गांधीजींनी सुचवलं की या वादाचा निकाल न्यायाधीशांच्या लवादाकडे सोपवा. सरकारने ते मानलं नाही.

मला विचाराल तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, आणि खरी गोम लिहिणाऱ्यांच्या शाईत होती. ब्रिटनमध्ये बहुमताचा नियम कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता; तो संकेत म्हणून पाळला जात होता. हिंदुस्थानासाठी कायदा लिहिताना त्यांनी अधिकार तेवढे कलमांत उतरवले आणि संकेत सूचनापत्रात ठेवले, जे कोर्टात चालत नव्हतं. त्यामुळे अधिकार दगडावरची रेघ ठरले आणि संकेत वाळूवरची.

मुंबई एकटी नव्हती हेही लक्षात घ्या. मद्रासमध्ये काँग्रेसला २१५ पैकी १५९ जागा, तरी मंत्रिमंडळ कुर्मा वेंकट रेड्डी नायडूंचं. ओरिसात ६० पैकी ३६ काँग्रेसच्या, आणि मुख्यमंत्री परलाखेमुंडीचे महाराज. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये महंमद युनूस. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तिथे ११२ पैकी ७० जागा काँग्रेसकडे असताना कारभार ई. राघवेंद्र राव यांच्याकडे गेला. म्हणजे मुंबई-पुणे आणि नागपूर-अमरावती, दोन्हीकडच्या मराठी माणसाने त्या उन्हाळ्यात आपण न निवडलेलं सरकार पाहिलं. या पाच प्रांतांच्या तुलनेत मुंबईतली विसंगती सौम्यच म्हणायची. मद्रासमध्ये तर ती उघडी-नागडी होती.

मग गव्हर्नरांनी ९३ वं कलम सरळ लावून कारभार आपल्याकडे का घेतला नाही? कारण नव्या घटनेच्या पहिल्याच दिवशी ‘यंत्रणा कोलमडली’ असं जाहीर करणं म्हणजे लंडनमध्ये वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या कायद्याची नाचक्की. शिवाय कायद्याचा मोठा भाग, म्हणजे संस्थानांना सामील करून घेणारं संघराज्य, अजून यायचा होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांचं सगळं लक्ष तिकडे. आणि थोडी आशाही होती की खुर्च्या समोर दिसल्यावर काँग्रेसच्या आमदारांचा धीर सुटेल. काँग्रेसने मात्र १ एप्रिलला हरताळ पाळला आणि वाट बघितली.

पुढचे तीन महिने म्हणजे एकमेकांना वाट करून देण्याचा खेळ. एप्रिलमध्ये भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांचा सूर कडक होता. मे महिन्यात तो मऊ झाला. गांधीजींनीही मागणी बारीक करत आणली. शेवटी ती एवढीच उरली की गव्हर्नर आणि मंत्री यांच्यात गंभीर मतभेद झाला तर मंत्र्यांनी राजीनामा द्यावा अशी अपेक्षा न धरता गव्हर्नरने त्यांना बडतर्फ करावं. वरवर हा किरकोळ फरक, पण राजकारणात तो मोठा. राजीनाम्यात दोष मंत्र्यांकडे जातो, बडतर्फीत गव्हर्नरकडे. जून महिन्यात लिनलिथगो यांनी निवेदन काढलं: रोजच्या कारभारात गव्हर्नर ढवळाढवळ करणार नाहीत, संघर्ष टाळण्यासाठी शक्य ते सगळं करतील. काँग्रेसने मागितलेलं आश्वासन ते नव्हतंच. पण आश्वासनासारखं दिसत होतं, आणि दोन्ही बाजूंना तेवढंच हवं होतं. ७ जुलैला वर्ध्यात कार्यसमितीने पदं घ्यायला परवानगी दिली.

त्यानंतर कूपर यांच्या हाती करण्यासारखं काही उरलं नाही. ब्रेबोर्न मे अखेरीस मुंबई सोडून गेले होते आणि सर रॉबर्ट बेल हंगामी गव्हर्नर होते. कूपर यांचं मंत्रिमंडळ बाजूला झालं, १९ जुलैला खेर मंत्रिमंडळ आलं. गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे, अर्थ अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे. विधानसभा त्याच महिन्यात पुण्यात भरली आणि गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले.

आजच्या घटनेत यातलं किती उरलं आहे? बरंच. राज्यपालांची मर्जी असेतोवर मंत्री पदावर राहतील, हे शब्द १६४ व्या अनुच्छेदात जवळजवळ तसेच आहेत. ९३ व्या कलमाचा वंशज म्हणजे ३५६. पण एक मोठी भर पडली: मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल, हे आता सूचनापत्रात नाही, घटनेतच लिहिलेलं आहे. आणि १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं.

फरक किती पडला हे नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. २३ तारखेच्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, गुप्त मतदान नाही आणि थेट प्रक्षेपणासह. त्याच दिवशी सरकार गेलं. १९३७ मध्ये कूपर यांना सप्टेंबरपर्यंतची मुदत होती. २०१९ मध्ये चोवीस-तीस तास. राज्यपालांना कोणालाही बोलावण्याची मोकळीक आजही थोडीफार आहे, पण तारीख लांबवण्याची मोकळीक कोर्टाने बरीच आवळली आहे.

खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्धाच्या प्रश्नावर, राजीनामा दिला. त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरने दुसरा कूपर शोधला नाही. ९३ वं कलम लावून कारभार थेट आपल्याकडे घेतला आणि तो १९४६ पर्यंत तसाच चालला. युद्धाच्या काळात नव्या घटनेची अब्रू राखण्याची निकड उरली नव्हती. ओरिसात मात्र परलाखेमुंडीचे महाराज १९४१ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. या खेपेला काँग्रेसमधून फुटलेले काही आमदार त्यांच्या बाजूला होते, आणि ते मंत्रिमंडळ १९४४ पर्यंत टिकलं.